महासाथीतला जर्मन रक्तदाता

१६ मार्च २०२० च्या सोमवारी जर्मनीतल्या बहुतेक राज्यांमधल्या शाळा बंद झाल्या. मुलांच्या शिक्षणाचे काय होणार, नोकरदार आईबापांनी काय करायचे, या प्रश्नांनी त्या आठवड्याची वर्तमानपत्रे भरून गेली. त्याच निर्णयाने रक्तदान शिबिरांच्या कितीतरी जागा गेल्या, हे मात्र रक्तपेढ्यांबाहेर थोड्यांच्याच लक्षात आले. जर्मन रुग्णालयांना लागणाऱ्या रक्तापैकी ७० ते ७५ टक्के रक्त एकटी जर्मन रेड क्रॉस गोळा करते, आणि त्यातला मोठा वाटा तिला फिरत्या शिबिरांतून मिळतो. शाळेचे सभागृह, चर्चचे दालन, कारखान्याचे उपाहारगृह, विद्यापीठाची इमारत अशा जागी संध्याकाळपुरत्या खाटा मांडायच्या, गावकऱ्यांनी कामावरून घरी जाताना यायचे, अर्धा लिटर रक्त द्यायचे, शेजाऱ्यांबरोबर बसून पाव-सॉसेजचा नाश्ता करायचा आणि घरी जायचे, अशी ही सत्तर वर्षांची रीत. देशाची रोजची गरज सुमारे १५,००० पिशव्यांची. तांबड्या पेशी सहा आठवड्यांच्या आसपास टिकतात, पण बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स चार-पाच दिवसांतच वापराव्या लागतात. रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा कर्करोगाच्या रुग्णांवर खर्च होतो आणि त्यांचे उपचार कोणत्याही टाळेबंदीने थांबत नाहीत. म्हणजे धान्यासारखे कोठार भरून ठेवण्याची सोय इथे नाही. रक्त देणारी माणसे दर आठवड्याला नव्याने यावी लागतात.

पुढच्या दोन वर्षांत ती माणसे कशी आली, कधी आली नाहीत आणि का, याची एक कथा सर्रास सांगितली जाते. आधी लोक घाबरले, मग संकटाच्या जाणिवेने एकवटले, आणि शेवटी कंटाळून आपापल्या कामाला लागले. भीती, एकोपा, थकवा असे हे तीन अंक. कथा ऐकायला पटते, कारण तिच्यात सगळे काही माणसाच्या मनात घडते आणि आपल्याला माणसांच्या मनाचे निकाल लावायला आवडते. जर्मनीतला घटनाक्रम तारखांसह समोर ठेवला तर मात्र ती टिकत नाही. तिथे रक्त देण्याची इच्छा महासाथीत फारशी हललीच नाही, असे माझे म्हणणे आहे. खाली-वर होत राहिली ती रक्त देण्याची संधी: जागा, वेळ, स्वयंसेवक, नियम, आणि कोणाला दाता म्हणून आत घ्यायचे याचे निकष. ‘लोकांचा दृष्टिकोन’ म्हणून आपण जे मोजतो, त्यातला बराच भाग त्या व्यवस्थेने लोकांपुढे काय ठेवले याचा हिशेब असतो. हा फरक महत्त्वाचा आहे. दोष लोकांच्या मनात शोधला तर उपाय म्हणून फक्त आवाहने उरतात, आणि आवाहनांनी काय साधते व काय साधत नाही हे या दोन वर्षांनी स्पष्ट दाखवले.

ही इच्छा आली कुठून, हे आधी पाहायला हवे, कारण जर्मनीत ती गृहीत धरण्याजोगी नव्हती. नाझी राजवटीने रक्ताला वंशाच्या शुद्धतेचे प्रतीक बनवले होते, आणि दात्याची निवडही त्याच निकषावर होत असे. युद्धानंतर रेड क्रॉसने रक्तदानाची सेवा नव्याने उभी केली ती या पार्श्वभूमीवर. १९५२ साली रूर खोऱ्यातल्या गेल्झेनकिर्शन या खाणकामगारांच्या शहरात तिचे पहिले शिबिर झाले. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, मध्ये पैसा नाही आणि वंशही नाही, ही त्यामागची भूमिका. पुढच्या चार दशकांत ती गावोगाव रुजली आणि १९९३ मध्ये तिला मोठा तडा गेला. ऐंशीच्या दशकात रक्तापासून बनवलेल्या औषधांतून दीड हजारांच्या आसपास हिमोफिलियाग्रस्तांना एचआयव्हीची लागण झाली होती. १९९३ च्या शरद ऋतूत कोब्लेंझच्या ‘यूबी प्लाझ्मा’ या कंपनीने रक्ताच्या चाचण्यांत काटकसर केल्याचे उघड झाले, आणि देशाच्या आरोग्य कार्यालयाने संशयित प्रकरणांची माहिती वेळेवर वर पोहोचवली नव्हती हेही बाहेर आले. आरोग्यमंत्री होर्स्ट झेहोफर यांनी ते कार्यालयच मोडीत काढण्याचा निर्णय घेतला आणि १९९४ मध्ये ते इतिहासजमा झाले. देखरेखीची जबाबदारी लांगेनच्या पाउल एर्लिश संस्थेकडे आणि बर्लिनच्या रोबर्ट कॉख संस्थेकडे आली. जुलै १९९८ मध्ये रक्तसंक्रमण कायदा अमलात आला. प्रत्येक पिशवीचा माग, प्रत्येक दात्याची तपासणी आणि विनामोबदला दान ही तत्त्वे त्याने कायद्यात लिहिली. मराठी वाचकाला एक योगायोग लक्षात येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार भारतात पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर बंदी आली तीही १ जानेवारी १९९८ पासूनच. दोन्ही देशांनी एकाच वर्षी, एचआयव्हीच्या धक्क्यानंतर, रक्ताला बाजारातून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडे नातेवाइकाने बदली रक्त द्यायचे, ही पद्धत त्यानंतरही पुष्कळ काळ चालू राहिली. जर्मनीत अनोळखी माणसासाठीच्या दानावर सगळा पुरवठा उभा राहिला. २०२० मध्ये ज्या इच्छेची परीक्षा झाली ती अशी घडलेली होती. चांगुलपणा तिच्यात होताच, पण तिच्या पाठीशी १९९३ नंतरची पारदर्शकता आणि गावातल्या सभागृहाची सवयही होती.

आता मार्च २०२० कडे येऊ. जर्मनीतला पहिला रुग्ण जानेवारीच्या अखेरीस म्युनिकजवळ सापडला होता. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात शिबिरांतली उपस्थिती घसरू लागली आणि रेड क्रॉसच्या प्रादेशिक रक्तसेवांनी लोकांना कळकळीची विनंती केली. १८ मार्चला चान्सलर अंगेला मर्केल दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर देशापुढे एवढे मोठे आव्हान आले नव्हते, असे त्यांनी सांगितले. २१ मार्चपासून बायर्न (बव्हेरिया) राज्यात सबळ कारणाशिवाय घराबाहेर पडायला मनाई झाली, आणि २२ मार्चला देशभर दोनपेक्षा जास्त लोकांनी एकत्र येण्यावर निर्बंध घालण्याचे ठरले. एर्फुर्ट विद्यापीठाच्या कोर्नेलिया बेच आणि त्यांचे सहकारी ३ मार्चपासूनच लोकांची मनःस्थिती नियमित पाहण्यांतून टिपत होते. धोक्याची जाणीव त्याच आठवड्यांत चढत गेल्याचे त्यांत दिसते. म्हणजे भीती शिखराकडे चालली होती, आणि नेमक्या त्याच दिवसांत रक्तदान केंद्रांसमोर रांगा लागल्या. विनंतीला मिळालेला प्रतिसाद इतका मोठा होता, की काही ठिकाणी ‘सगळ्यांनी आज येऊ नका, पुढच्या आठवड्यांतही या’ असे सांगण्याची वेळ रेड क्रॉसवर आली. आधीच्या घसरणीचे कारण भीती असते, तर भीती वाढत असताना उपस्थिती एवढी उसळली नसती. त्या दिवसांत बदलल्या त्या दोन गोष्टी. रक्तदानासाठी घराबाहेर पडता येते हे अधिकृतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगितले गेले, आणि रद्द झालेल्या जागांऐवजी मोठी, हवेशीर सभागृहे मिळवून तिथे अंतर ठेवून खाटा मांडल्या गेल्या. जाता येते का आणि जायचे कुठे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळताच लोक आले.

यावर कोणी म्हणेल, की रांगा लावणारे वेगळे आणि घरी बसलेले वेगळे; घरी बसलेल्यांना भीती वाटतच होती. हा आक्षेप रास्त आहे आणि त्यात तथ्यही आहे. साठीपुढचे अनेक नियमित दाते त्या काळात आले नाहीत, त्यांना सरकारनेच जपून राहायला सांगितले होते. संसर्ग होईल ही शंका लोकांनी बोलूनही दाखवली. पण ही शंका रक्त देण्याच्या कृतीबद्दल नव्हती. रक्तातून हा विषाणू पसरल्याचे एकही सिद्ध उदाहरण समोर आले नाही, आणि दात्याच्या हातात टोचली जाणारी सुई नवीन असते हे १९९३ नंतरच्या पिढीला सांगावे लागत नव्हते. शंका होती ती जागेबद्दल: खोलीत किती माणसे असतील, नाश्त्याच्या टेबलावर किती वेळ बसावे लागेल. जर्मनीसह सात युरोपीय देशांतल्या सात हजारांवर लोकांची २०२० मध्ये पाहणी झाली. साथीच्या पहिल्या महिन्यांत रक्त देणाऱ्यांनी समाजाला, गरजू माणसाला आणि आरोग्यव्यवस्थेला मदत करणे हीच प्रमुख कारणे सांगितली. शांततेच्या काळातही दाते हीच कारणे देतात. शिबिरांनी तापमान मोजायला सुरुवात केली, मुखपट्टी सक्तीची केली, वेळ आधी राखून यायची पद्धत आणली, आणि नाश्त्याचे टेबल काढून हातात खाऊची पिशवी द्यायला सुरुवात केली. हे बदल झाले तसतशी शंका असलेली माणसेही परतू लागली. व्यवस्था बदलल्यावर जी भीती ओसरते, तिला मनोवृत्ती म्हणून लोकांच्या खात्यावर लिहिणे अन्यायाचे आहे.

त्या वसंतातल्या उसळीचे कौतुक खूप झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. १२ मार्चला मर्केल आणि राज्यांचे मुख्यमंत्री यांनी ठरवले होते, की १६ मार्चपासून शक्य त्या सगळ्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या, म्हणजे अतिदक्षता विभागांतल्या खाटा मोकळ्या राहतील. त्यामुळे लोक भरभरून रक्त देत होते तेव्हा रुग्णालयांची मागणी खाली आली होती. मग आरोग्यमंत्री येन्स श्पान यांनी मे महिन्यापासून रुग्णालयांना हळूहळू नेहमीच्या कामाकडे वळण्याची मुभा दिली. गुडघे, हृदय, गाठी, थांबून राहिलेले सगळे रुग्ण एकदम रांगेत आले. मार्चअखेरीस रक्त दिलेल्यांना मात्र आणखी थांबणे भाग होते, कारण दोन दानांमध्ये निदान ५६ दिवस जावे लागतात, आणि स्त्रियांना वर्षात चार तर पुरुषांना सहाच वेळा रक्त देता येते. एकवटलेल्या समाजाने एका आठवड्यात दिलेले रक्त हे बारा आठवड्यांत थोडेथोडे मिळालेल्या रक्ताची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर हेच मोठ्या प्रमाणावर घडले होते. हल्ल्यांत जखमी होऊन वाचलेल्यांना लागले त्याच्या कित्येक पट रक्त जमले आणि त्यातले पुष्कळसे मुदत संपून टाकून द्यावे लागले. जर्मन रक्तसेवांना हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी गर्दीचे स्वागत करतानाच तिला आवर घातला, वेळ राखूनच या असा नियम केला, आणि तो पुढे कायम ठेवला. या काळातला सर्वांत शहाणा निर्णय मला हाच वाटतो. लोकांची सदिच्छा त्यांनी पुढच्या महिन्यांसाठी वाटून ठेवली.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी २०२१ आणि २०२२ मध्ये लागते. लस आली, मृत्यू कमी झाले, लोक पुन्हा हिंडूफिरू लागले, भीती ओसरली. भीतीच अडथळा असती तर आता पुरवठा सुधारायला हवा होता. घडले उलट. २०२१ च्या उन्हाळ्यात रेड क्रॉसला पुन्हा टंचाईचा इशारा द्यावा लागला आणि २०२२ मध्येही ती वेळ परत परत आली. काही गटांचा साठा तर जेमतेम एखादा दिवस पुरेल अशी स्थिती होती. यामागची कारणे शोधायला कोणाच्या मनात डोकवावे लागत नाही. कचेऱ्या रिकाम्या राहिल्या, कारण माणसे घरून काम करत होती. त्यामुळे कंपन्यांच्या आवारातली शिबिरे, जिथे एका दुपारी मोठ्या संख्येने दाते मिळत, ती बंद किंवा रोडावलेली राहिली. विद्यापीठांची व्याख्याने पडद्यावर गेली आणि पहिल्यांदा रक्त देणारा विद्यार्थीवर्ग हातून निसटला. गावांतली शिबिरे रेड क्रॉसच्या स्थानिक शाखांतले स्वयंसेवक चालवतात. खाटा लावणे, नोंदणी, पाव-सॉसेजचा नाश्ता ही सारी कामे बहुतेककरून निवृत्त माणसे करत आली होती, आणि महासाथीत तीच सर्वाधिक धोक्यातली ठरल्याने बरीच मागे सरली. शिवाय नोव्हेंबर २०२१ मध्ये चौथ्या लाटेत अनेक ठिकाणी शिबिरात येणाऱ्याकडून लस घेतल्याचा, बरे झाल्याचा किंवा ताज्या चाचणीचा पुरावा मागितला जाऊ लागला. तो नियम आरोग्याच्या दृष्टीने समजण्यासारखा होता, तरी संध्याकाळी कामावरून परस्पर येणाऱ्याच्या वाटेत त्याने आणखी एक पायरी घातली. मग ओमिक्रॉनची लाट आली. ज्यांना संसर्ग झाला त्यांना बरे झाल्यावरही काही आठवडे थांबावे लागले, आणि शिबिराचे कर्मचारीच आजारी पडल्याने शिबिरे रद्द झाली. रक्त द्यायला तयार असलेला माणूस या सगळ्यातून गळत गेला. त्याची तयारी मावळली असे म्हणायला यात पुरावा नाही.

थकव्याच्या कथेला आणखी एक आधार दिला जातो: जर्मन समाज या काळात दुभंगला, संस्थांवरचा विश्वास उडाला, मग रक्तदानावर त्याचा परिणाम झाल्याशिवाय कसा राहील? श्टुटगार्टमधून निघालेल्या ‘क्वेरडेंकन’ या निर्बंधविरोधी आंदोलनाने २०२० च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या रस्त्यांवर हजारो माणसे आणली, हे खरे. पुढे लस न घेतलेल्यांचेच रक्त मिळावे अशी मागणी करणारे लोकही निघाले. त्या मागणीला रक्तपेढ्यांनी दाद दिली नाही. लसीमुळे दान केलेल्या रक्तात कोणताही धोका येत नसल्याने तशी विभागणी त्या करत नाहीत, एवढे स्पष्ट उत्तर मिळाले. या मागणीच्या मागे जुनी, भयंकर कल्पना आहे, की रक्तावरून माणसांचे दोन वर्ग पाडता येतात. जर्मनीच्या इतिहासात तिला जागा देणे हे कोणत्याही टंचाईपेक्षा वाईट ठरले असते. आणि रक्तपेढ्यांचे व दात्यांचे वर्तन पाहा. मार्च २०२० च्या अखेरीस फ्रँकफर्टमध्ये विषाणुतज्ज्ञ झांड्रा त्सीझेक आणि रेड क्रॉस रक्तसेवेचे एरहार्ड झायफ्रीड यांनी अनेक नमुन्यांची चाचणी एकत्र करण्याची पद्धत जाहीर केली. तिची मुळे रक्तपेढ्यांमध्ये होती, कारण नमुने एकत्र करून एचआयव्ही आणि कावीळ तपासण्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव तिथेच होता. एप्रिल २०२० पासून रोबर्ट कॉख संस्थेने देशभरातल्या दात्यांच्या रक्तात प्रतिपिंडे शोधायला सुरुवात केली. लाखाहून अधिक नमुन्यांच्या त्या अभ्यासातून साथ प्रत्यक्षात किती पसरली याचा अंदाज येत गेला. आजारातून बरे झालेल्यांनी प्लाझ्मा दिला. उल्महून चाललेल्या चाचणीत १०५ गंभीर रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला आणि मुख्य निकषावर फायदा सिद्ध झाला नाही. निष्कर्ष निराश करणारा होता, पण तो प्रामाणिकपणे जाहीर केला गेला. निषेधाचे आवाज मोठे असतात म्हणून ते संख्येने मोठे ठरत नाहीत. या देशात तेव्हाही लाखो माणसे बाही वर करून बसत होती.

एवढे सगळे असेल तर पैसे द्या की, हा सर्वांत व्यवहारी आक्षेप. जर्मनीत तो केवळ कल्पनेतला नाही. कायद्यात दान विनामोबदला असले तरी येण्याजाण्याचा आणि वेळेचा खर्च म्हणून काही रक्कम देता येते. रेड क्रॉस सहसा ती देत नाही. खासगी केंद्रे आणि अनेक विद्यापीठ रुग्णालये देतात, साधारण वीस-पंचवीस युरो. प्लाझ्माच्या बाबतीत तर जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया आणि हंगेरी हे मोबदला देणारे चार देशच युरोपच्या औषधांचा मोठा भार उचलतात. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेची तुलना करून बजावले होते, की पैसा आला की रक्ताची सुरक्षितता आणि देण्यातला परोपकार दोन्ही घटतात. नंतरच्या प्रत्यक्ष प्रयोगांनी त्यांचे सगळे म्हणणे उचलून धरले नाही. अर्थशास्त्रज्ञ लासेतेरा, मासिस आणि स्लोनिम यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या आढाव्यात छोट्या भेटींनी दान बहुतेक वेळा वाढल्याचे आणि रक्ताची गुणवत्ता न घसरल्याचे दिसते. त्यामुळे पैशाला तत्त्वतः विटाळ मानण्याचे कारण नाही. तरी महासाथीच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. बंद सभागृहासमोर उभ्या माणसाला पंचवीस युरो देऊ केल्याने सभागृह उघडत नाही, आणि खेड्यातली सत्तर वर्षांची स्वयंसेविका त्याने परत येत नाही. मोबदला देणारी केंद्रे बहुतेक शहरांत आहेत. जर्मनीचे रक्त मोठ्या प्रमाणावर छोट्या गावांतून येते, आणि तिथे चालणारे चलन शेजारधर्माचे आहे. महाराष्ट्रात हे समजावून सांगावे लागत नाही. २०२० मध्ये लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, त्यात रक्तदान आणि प्लाझ्मादान झाले. आपल्याकडे महाविद्यालये बंद पडताच रक्ताचा तुटवडा झाला आणि मंडळे, संस्था पुढे आल्यावर तो हलका झाला. एक वर्गणीचे मंडळ, एक रेड क्रॉसची शाखा. देण्याच्या इच्छेला आधी कोणीतरी जागा करून द्यावी लागते, इथेही आणि तिथेही.

मात्र या व्यवस्थेने अनेकांना मुळात दारातच अडवले होते, आणि टंचाईच्या वर्षांत ते अधिक बोचू लागले. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांना जर्मनीत २०१७ पर्यंत आयुष्यभर रक्तदानास मनाई होती. मग वर्षभर संबंध नसतील तरच, अशी अट आली. एचआयव्हीच्या जखमेतून हा कडकपणा आला होता हे समजून घेता येते, पण प्रत्येक पिशवीची थेट विषाणूचाचणी होऊ लागल्यावर अख्ख्या गटाला वगळण्याचे समर्थन कमकुवत झाले. महासाथीत ‘रक्त द्या’ म्हणणाऱ्या फलकांखालून जाणाऱ्या हजारो निरोगी तरुणांना ते फलक आपल्यासाठी नाहीत हे माहीत होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ही मुदत चार महिन्यांवर आली आणि एकनिष्ठ जोडीदारांवरचा निर्बंध गेला. कार्ल लाउटरबाख आरोग्यमंत्री असताना मार्च २०२३ मध्ये बुंडेस्टागने, म्हणजे जर्मन संसदेने, कायदा बदलला. तेव्हापासून धोका ठरवताना माणसाचे प्रत्यक्ष वर्तन पाहायचे, त्याचा लैंगिक कल नाही. दुसरा मोठा गट स्थलांतरितांचा. २०२० मध्ये जर्मनीतल्या जवळजवळ २७ टक्के लोकांना स्थलांतराची पार्श्वभूमी होती, पण दात्यांत त्यांचे प्रमाण त्या मानाने कमीच. मलेरियाच्या प्रदेशातून आलेल्यांना, म्हणजे भारतातून गेलेल्या मराठी माणसांनाही, थांबावे लागते, आणि प्रश्नावली व डॉक्टरांशी होणारे बोलणे जर्मनमध्ये समजावे लागते. वैद्यकीय दृष्टीने यातल्या काही अटी आवश्यक आहेत. पण थॅलसेमिया आणि सिकल सेलच्या रुग्णांना त्यांच्याच मूळ प्रदेशांतल्या लोकांशी जुळणारे दुर्मीळ उपगटांचे रक्त लागते, आणि एसेन विद्यापीठ रुग्णालयाने सहकाऱ्यांसह रूर खोऱ्यात स्थलांतरित दाते शोधण्याचा ‘ब्लूस्टार’ प्रकल्प हाती घेतला तो याच गरजेपोटी. या लोकांच्या मनात रक्तदानाविषयी काय आहे हे विचारण्याआधी त्यांना कोणी, कोणत्या भाषेत, कुठे बोलावले, हे विचारणे जास्त प्रामाणिक ठरेल.

शेवटचा आक्षेप डॉक्टरांकडून येतो, आणि तो वजनदार आहे: कदाचित इतके रक्त लागतच नसावे. फ्रँकफर्टमधून काई त्साखारोव्स्की, पॅट्रिक मायबोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात रुग्णाचे स्वतःचे रक्त वाचवण्याची पद्धत रुजवली. शस्त्रक्रियेआधी रक्तक्षय शोधून लोह द्यायचे, तपासण्यांसाठी कमी रक्त काढायचे, सांडलेले रक्त शक्य तिथे परत वापरायचे. त्याने जर्मनीतली मागणी खरोखर उतरली. पण मागणी उतरते आहे त्याच वेळी देणारी पिढीही वयस्क होते आहे. देशातले जेमतेम तीन टक्के लोक रक्त देतात आणि त्यांतला भक्कम खांब म्हणजे पन्नाशी-साठीतले नियमित दाते, युद्धोत्तर भरभराटीत जन्मलेली पिढी. त्यांचे वय वाढले की तेच रुग्णालयांतले घेणारे होतील. २०२३ च्या सुधारित निकषांनी वयाची वरची मर्यादा काढून टाकली आणि निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरवर सोपवला, त्याने थोडी सवड मिळाली. तरुणांची जागा भरायची तर शिबिरे त्यांच्या रोजच्या वाटेवर असायला हवीत, आणि ती वाट महासाथीने बदलली. वेळ राखून येण्याची पद्धत टिकली, नाश्त्याचे टेबल परत आले, गावातल्या शाळांची सभागृहे उघडली. मोठ्या कंपन्यांच्या आवारांतली गर्दी मात्र पूर्वीच्या आकड्यांवर गेली नाही, कारण आठवड्यातले निम्मे दिवस तिथे माणसेच नसतात. आणि त्या शिबिरांना पर्याय काय, यावर जर्मन रक्तसेवा आजही काम करत आहेत.